पाच धपाट्यांची सीट

विमानात पाय पसरायला जागा हवी असेल तर तिचे वेगळे पैसे पडतात, हे मुलानं मला मोबाईलवर दाखवलं तेव्हा मी त्याच्याशी अर्धा तास भांडलो. त्याचा काही दोष नव्हता. पण विमान कंपनीचा माणूस समोर नव्हता आणि मुलगा होता.

"जास्तीचं देतात काय?" मी विचारलं.

"जागा."

"कुठली?"

"पायापुढची. रिकामी."

"म्हंजी खुर्ची तीच, गादी तीच, जेवण तेच. आन् जिथं काहीच न्हाई त्याचे साडेआठ हजार."

"व्हय आप्पा. घ्यायची का न्हाई ते बोला, पान बंद होतंय."

माझा जुन्या ट्रॅक्टरांचा व्यापार आहे. घोडेगावजवळ रस्त्याला लागून शेड आहे. त्याआधी वीस-बावीस वर्षं मी घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात म्हशी घेतल्या आणि विकल्या. सातवीनंतर शाळा नाही, वडिलांनी ठेवलेलं काही नाही, जे आहे ते जिभेवर कमावलेलं. या दोन्ही धंद्यांत मी एकच नियम पाळला. घेताना मालाची खोड मोठ्यानं सांगायची आणि विकताना तोंड बंद ठेवायचं. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधल्या मोकळ्या जागेचे पैसे मात्र मी आजवर कुणाकडून घेतले नाहीत. तसं कुणाला सुचलंही नव्हतं. विमानवाल्यांना सुचलं, म्हणून मला त्यांचा राग आला आणि थोडा हेवाही वाटला.

तरी मी ती सीट घेतली. त्याला कारण माझा उजवा गुडघा.

टेम्पोत म्हैस चढवताना तिची लाथ गुडघ्यावर बसली, त्याला बरीच वर्षं झाली. हाड जुळलं. चालायला, उभं राहायला काही अडचण नाही. पण दोन तासांच्या वर पाय दुमडून बसलो की गुडघा धरतो, आणि एकदा धरला की मला उठवायला दोन माणसं लागतात. एकदा धंद्याच्या कामाला एसटीनं नागपूरला गेलो होतो. तिथल्या स्टँडवर ड्रायव्हर आणि कंडक्टरनं मला काखेत धरून पोत्यासारखं खाली उतरवलं. खाली उभी असलेली माणसं सरकून वाट देत होती. ती वाट मला आजही दिसते. त्या दिवसापासून लांबचा प्रवास मी बंद केला.

मुलगी चार वर्षांपासून लंडनला आहे. तिथं तिला पदवी मिळाली तेव्हा तिनं आम्हा दोघांना बोलावलं होतं. मी सांगितलं, हंगाम आहे, धंदा सोडून येता येत नाही. ते खोटं होतं. बायको माझ्यामुळे गेली नाही. गुडघ्याचं मुलीला कधी सांगितलंच नाही. स्वतःची खोड सांगायची सवय नाही, आणि मुलीला तर नाहीच नाही.

आता तिला आठवा महिना लागला होता. बायको सहा महिने राहायला जाणार होती. फोनवर मुलगी मला म्हणाली, "आईला तर मी आणणारच आहे. तुम्हाला जमणार असेल तर तुम्हीपण या."

ते 'जमणार असेल तर' मला लागलं. मी त्याच दिवशी मुलाला तिकीट काढायला सांगितलं. मनात एकच गोष्ट ठरवली. दहा तासांचं विमान असो की वीस तासांचं, तिच्यासमोर मी स्वतःच्या पायांवर चालत जाणार. माझ्या काखेत कुणाचा हात असणार नाही. ही रिकामी जागा त्यासाठी घेतली होती.

सीट दरवाजाजवळच्या रांगेतली होती. चित्रात तिच्यापुढे एवढी जागा दिसत होती की तिथं एक रेडकू बसलं असतं. बायकोसाठी मागची साधी सीट घेतली. ती बुटकी आहे. तीच म्हणाली, "मला कशाला ज्यादा? माझं पाय तर खाली टेकत न्हाईत."

विमान दुपारचं होतं. विमानतळाच्या काउंटरवर वीस-बावीस वर्षांची मुलगी होती. आपली मराठी बोलणारी. मला बरं वाटलं, कारण इंग्रजीत घासाघीस करता येत नाही. तिनं पासपोर्ट घेतले, बॅगा वजनावर चढवल्या. तिच्या पुढ्यातल्या पडद्याकडे मी वाकून पाहिलं.

"ताई, माझ्या शेजारची सीट रिकामी दिसतेय. तिथं हिला बसवा की."

"सर, त्या सीटला चार्ज आहे."

"एकीचा दिलाय ना मी."

"प्रत्येक सीटला वेगळा असतो."

मी तिला समजावलं की बाजारात जोडीचा भाव कधीही दोन सुट्ट्यांच्या दुप्पट नसतो. जोडी फोडली की दोन्ही जनावरं चारा टाकतात. ती हसली. गिऱ्हाईक हसलं की सौदा निम्मा झाला, असं आमच्याकडे धरतात. इथं गिऱ्हाईक मीच होतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी ठेवणीतला मुद्दा काढला.

"खरं सांगू का ताई, हिची मला गरज लागती. उठायला हात द्यायला. माझा हा गुडघा बघा."

"गुडघ्याला त्रास आहे का सर?"

"त्रास? अहो वाकतच न्हाई."

बायकोनं माझा सदरा मागून ओढला. तिला माझ्याआधी कळलं होतं. काउंटरवरच्या मुलीचं हसू गेलं आणि तिची बोटं भराभर चालायला लागली.

"सर, ती आपत्कालीन दरवाजाची रांग आहे. वेळ आली तर तिथं बसलेल्या प्रवाशानं दरवाजा उघडायला मदत करायची असते. गुडघ्याचा त्रास असलेल्यांना आम्ही तिथं बसवू शकत नाही."

"थोडाच त्रास हाय तसा."

"आत्ता म्हणालात, वाकतच नाही."

"ते भाव करायला म्हणलो मी."

"सॉरी सर. पैसे परत मिळतील तुम्हाला."

माझा आवाज चढला. मी म्हणालो, मला पैसे नकोत, जागा पाहिजे. विकताना तुम्ही गुडघा विचारला नाही, काढून घेताना विचारता, हा कुठला धंदा. मुलाचं म्हणणं असं की ते सगळं पानावर खाली लिहिलेलं होतं. असेल. मुंगीच्या पायाएवढं अक्षर. मी म्हैस विकताना अट अशी कानात कुजबुजलो असतो तर बाजारात कुणी मला उभं केलं नसतं. याबद्दलचा माझा राग आजही कायम आहे आणि मला तो बरोबर वाटतो.

पण त्या वेळी मी आणखी एक गोष्ट केली, ती बरोबर नव्हती. गुडघा ठणठणीत आहे हे दाखवायला मी तिथंच काउंटरसमोर बैठक मारली. खाली गेलो. वर येता येईना. मागच्या रांगेतल्या एका पंजाबी माणसानं आणि बायकोनं मला उचललं.

"करा आजून भाव," बायको म्हणाली.

आम्हाला शेवटून चौथ्या रांगेत शेजारी शेजारी साध्या सीट मिळाल्या. जोडी एवढी तरी झाली. पुढच्या खुर्चीची पाठ माझ्या गुडघ्याला टेकत होती. त्या खुर्चीतला माणूस हलला की मला कळायचं. विमान उडालं, जेवण आलं, जेवण गेलं. बायको झोपली. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती, तिच्यात मुलीसाठी केलेले एकवीस धपाटे. मुलीला डोहाळे त्याचेच लागले होते. बायकोनं ते पहाटे उठून थापले होते.

दोन तास झाले आणि गुडघा धरला. बायकोला उठवलं. तिनं खांदा दिला, मी कसाबसा उभा राहिलो आणि मागे संडासाजवळ मोकळी जागा असते तिथं जाऊन पाय झटकत राहिलो. अजून आठ तास होते. मी हिशेब केला तो एवढाच, की अशी चार वेळा उठबस केली तर शेवटी मला उचलूनच उतरवावं लागेल. मुलगी बाहेर उभी असेल.

तिथं आणखी एक जण उभा होता. पांढरी दाढी, सदऱ्यावर करडं जाकीट. हवाई सुंदरीला तो दोन्ही कानांत बोटं घालून दाखवत होता आणि ती त्याला पाणी देत होती. पाणी पिऊन तो स्वतःशीच म्हणाला, "लई झालं बाबा आता."

मी विचारलं, "कुठलं गाव, चाचा?"

"शिरामपूर. तुमी?"

"घोडेगाव."

त्यानं मला खालीवर पाहिलं. "बाजाराचं?"

"बाजाराचंच."

निघालं असं की तो कित्येक वर्षं दर शुक्रवारी घोडेगावला बकऱ्या आणायचा. मी म्हशींच्या बाजूला आणि तो बकऱ्यांच्या. मधे चहाची एकच टपरी होती. आम्ही हजार वेळा एकमेकांना धडकलो असणार. आता तो बायकोला घेऊन मुलाकडे चालला होता.

"सीट कुठं तुमची?" मी विचारलं.

"पुढं. एकदम भितीला लागून. पोरानं ज्यादा पैसे भरून घेतली. पाय सरळ भितीपतुर जातो बघा. म्हस बांधाल एवढी जागा."

मी पाय झटकत राहिलो. माल आवडला की काही बोलायचं नसतं. तेवढ्यात पुढून तान्ह्या मुलाच्या रडण्याचा आवाज आला. बारीक, लांबलचक, थांबून पुन्हा सुरू होणारा. चाचा छताकडे बघायला लागला.

"दरवाजाजवळची न्हाई ना?" मी विचारलं.

"न्हाई. नुसती भितीची."

"दोन सीटा हायेत?"

"दोन. आमच्या दोघांच्या."

"आमच्यापण दोन हायेत. मागं. शांत."

आता त्याच्या डोळ्यांत शुक्रवार आला. त्यानं शेजारच्या फळीवर पडलेलं विमानाचं पांघरूण उचललं आणि आपल्या हातावर टाकलं. मीही त्याखाली हात घातला. आमच्याकडे जनावराचा भाव असाच ठरतो. रुमालाखाली हातात हात, कुणाला दिसू नये म्हणून. एक बोट दाबलं की एक, अख्खा पंजा दाबला की पाच. तोंडानं दुसरंच काहीतरी बोलत राहायचं.

"पन वर काय देनार?" चाचानं विचारलं. "मगा तुमच्या रांगेवरनं गेलो तवा पिशवीचा वास आला. धपाटे हायेत."

"लेकीचे हायेत ते."

"मंग ऱ्हाऊ द्या."

तो हात काढायला लागला. मी धरून ठेवला. त्यानं माझा पंजा दाबला आणि वर तीन बोटं. आठ. मी एक बोट दाबलं. त्यानं हात झटक्यात बाहेर काढून जाकिटाला पुसला, जणू मी त्याच्या हातावर थुंकलो होतो. मला इतका आनंद झाला की काय सांगू. दहा-बारा वर्षांत मला असं कुणी अपमानानं वागवलं नव्हतं. ट्रॅक्टरवाले सगळे कागदावर भाव करतात.

"जागा बघा की शेठ. राजासारखं बसाल."

"आवाज येतोय चाचा."

"कसला?"

"तुमच्या भितीचा."

त्याची दाढी हलायला लागली. हसू दाबता दाबता तो लाल झाला. "त्याला दूध पाजलं, पाळण्यात घातलं, आईनं फिरवलं. थांबतच न्हाई. आमची घरवाली डोक्याला फडकं बांधून बसलीया."

"मंग दोन देतो. फडक्याचे वेगळे कापत न्हाई."

पांघरुणाखाली पुन्हा हात गेले. हवाई सुंदरी आली आणि दोन म्हाताऱ्यांना हातात हात घालून उभे बघून तिनं काळजीनं विचारलं, सगळं ठीक आहे का. आम्ही दोघांनी एकदमच मान हलवली. ती गेली. चाचानं सात म्हटलं, मी तीन. तो सहावर आला आणि अडला. मी चार दाबून बराच वेळ त्याचा हात धरून ठेवला. शेवटी पंजा. पाच धपाटे. त्यानं पांघरूण बाजूला केलं. आमच्यात कापड निघालं की सौदा झाला, मग कुणी माघार घेत नाही.

बायकोला उठवून सांगितलं तेव्हा तिनं आधी पिशवी छातीशी धरली.

"लेकीच्या तोंडचं इकलंत?"

"पाचच. तो आठ मागत हुता."

"तुमाला विमानातबी बाजार भरवायला लागतो." तिनं पिशवीतून पाच धपाटे मोजून काढले. सगळ्यात लहान पाच काढले, हे मी पाहिलं. चाचानंही पाहिलं. त्यानं ते कागदाच्या पुडीत बांधले. सौदा नगाचा होता.

पुढं चाचाच्या सीटवर बसून मी पाय लांब केला. पाय गेला, आणखी गेला, आणि टाच भिंतीला टेकली. गुडघ्यातून काहीतरी सैल होऊन मांडीपर्यंत चढलं. त्या सुखाचं मला वर्णन करता येणार नाही. एवढंच सांगतो की साडेआठ हजार फार नव्हते, असं मला एकदा वाटून गेलं. ते मी अजून मुलाला सांगितलेलं नाही.

बाळ मात्र रडतच होतं. त्याची आई एकटी होती, अगदी तरुण, डोळे सुजलेले. बायकोनं थोडा वेळ पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. भाषा एक नव्हती. पोरीनं बाळ दिलं. बायकोनं त्याला मांडीवर पालथं घातलं, पाठीवरून अंगठा खालून वर, खालून वर फिरवला. चार-पाच मिनिटांत बाळानं एवढी मोठी ढेकर दिली की मी वळून पाहिलं. मग ते झोपलं. त्याची आईही बसल्या बसल्या झोपली. मीसुद्धा.

चारेक तास झाले असतील. कुणीतरी खांद्याला हात लावला. चाचा उभा होता, मागे त्याची बायको.

"खोड घालवली व्हय मालाची, पोरगं निजलं," तो म्हणाला.

"सौदा झालाय चाचा."

"झालाय. आमी कुठं मोडतोय? हिला फक्त बाळ बघायचंय. आमच्या सूनबाईलाबी दिवस हायेत."

त्याच्या बायकोनं बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जरा सरता का भाईजान."

सरण्यासाठी उठावं लागतं. मी उठलो. गुडघा कुठंही अडकला नाही, न धरता, एका झटक्यात उभा राहिलो. ती माझ्या सीटवर बसली ती बसलीच. माझी बायको तिला लगेच सांगायला लागली की विलायतेत डिंक मिळत नाही म्हणतात, म्हणून तिनं दोन किलो आणलाय. माझ्या सीटचा विषय दोघींनीही काढला नाही.

एका दिवसात दोन वेळा माझी जागा गेली. पहिल्या वेळी मी अख्खं विमानतळ डोक्यावर घेतलं होतं. या वेळी मला राग शोधूनही सापडला नाही.

चाचा आणि मी मागे जाऊन उभे राहिलो. त्यानं धपाट्यांची पुडी सोडली आणि मला दीड दिला. आम्ही तिथं उभ्यानं घोडेगावचा अख्खा बाजार पुन्हा भरवला. कोणत्या म्हशीपायी कोण फसलं, कोणत्या दलालाची बोटं जाड होती म्हणून चार आणि पाच कळायचं नाही, टपरीवाल्याचा चहा कसा पातळ असायचा. शुक्रवारी मी पहाटेपासून दुपारपर्यंत उभाच असायचो आणि गुडघ्यानं कधी तक्रार केली नाही, हे मला बोलता बोलता आठवलं. त्याला बसणं सोसत नाही. उभं राहणं त्याला आवडतं. उतरताना पट्टा बांधायला म्हणून तेवढं अर्धा तास बसलो. चाचाच्या शेजारी, आमच्या शांत रांगेत.

विमानाच्या दारात एक माणूस चाकाची खुर्ची घेऊन उभा होता. त्याच्या हातातल्या कागदावर माझं नाव होतं. मी म्हणालो, मी मागवलेली नाही. खुर्चीवाला आपल्याकडचाच निघाला. चाचानं हिंदीत विचारून सांगितलं, "तुमच्या लेकीनं मगा फोन करून सांगितलीया."

माझे कान तापले. तिला कुणी सांगितलं? मी बायकोकडे पाहिलं. तिनं पिशवीची शपथ घेतली.

"न्हाई बसायचं," मी म्हणालो.

"नका बसू," बायको म्हणाली, आणि डिंकाची पिशवी, धपाट्यांची पिशवी, लाडवांची बरणी आणि माझी शाल तिनं त्या खुर्चीत ठेवली. खुर्चीवाला हसला. त्यानं आमच्या सामानाला पट्टा बांधला आणि ढकलायला लागला. मी शेजारून चाललो. लांब होतं. मधे दोनदा सरकते पट्टे लागले, तरी मी बाजूनं पायीच चाललो. सावकाश, पण चाललो.

बाहेर कठड्याशी मुलगी उभी होती, पोट पुढे आलेलं, शेजारी जावई. तिनं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. माझ्या पायांकडे पाहिलं. मग खुर्चीतल्या बरणीकडे. मग मोठ्यानं हसली आणि डोळे पुसायला लागली.

"तुला कुणी सांगितलं गुडघ्याचं?" मी जवळ गेल्यावर विचारलं.

"कुणी कशाला सांगायला पाहिजे, आप्पा? चार वर्षं व्हिडिओवर बघतेय. उठायची वेळ आली की तुम्ही फोन आईच्या हातात देता."

इतकी वर्षं माल झाकून धरला होता आणि गिऱ्हाइकानं पहिल्याच दिवशी दात मोजले होते.

"पदवीच्या वेळेलाबी माहीत हुतं?"

"व्हय."

"मग बोलली न्हाईस."

"तुम्ही हंगाम म्हणालात. मी हंगाम म्हटलं."

जावयानं सामान ट्रॉलीवर घेतलं आणि तो आणि बायको पुढे निघाले. गाडी लांब उभी होती. मुलीला पोटामुळे जोरात चालता येत नव्हतं आणि मला गुडघ्यामुळे. तिनं माझ्या काखेत हात घातला नाही. मीच तिचा हात धरला, कारण फरशी ओली होती. पुढून बायको ओरडली, "चला की लवकर." मुलगी म्हणाली, "येतोय," आणि आम्ही आपल्या चालीनं चालत राहिलो.